विषयाची ओळ

अंकित : घे आत्या, तुझी चारही रजिस्टरं. फडक्यात बांधून आणली, एक पान फाटलं नाही.

अंजना : काहून परत करून राह्यला?

अंकित : सकाळी फोनवर सांगितलं ना. बंद करतो आहे सगळं. सोमवारपासून नागपूरला नोकरी. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बनवायचं, संध्याकाळी घरी जायचं, डोक्याला ताप नाही.

अंजना : अन् तुहं? दीड वर्ष माह्या या टेबलाले खुर्ची लावून बसला. एकेक पान मले विचारून त्या मशीनीत भरलं. त्याचं काय करतं आता?

अंकित : कोणाला नको आहे ते. बसस्टँडांवर कागद चिकटवले, तीन महिन्यांत चार हजार लोक वेबसाइटच्या पहिल्या पानावर आले. त्यातले आत किती गेले, सांगू? सव्वीस. अन् त्या सव्वीसमध्ये अकरा वेळा मीच होतो, चालते की नाही पाहायला. लोकांना ना, बसचे धक्के खायचे, खिडकीवर बोलणी खायची अन् परत जायचं, हेच आवडते. सच में.

अंजना : पुन्हा बोल.

अंकित : जाऊ दे.

अंजना : नाही, बोल पुन्हा. मी एकतीस वर्षं बालाघाटच्या या कचेरीच्या भिंतीले पाठ लावून लोकायचे अर्ज लिहून राह्यली. खिडकीवरून परत आलेल्या माणसाचं तोंड मी रोज पाह्यते. बैहरच्या पुढून येते बिचारा, अंधारात निघालेला असते, अन् खिडकी म्हणते एक कागद कमी आहे, घेऊन या. हे आवडणारा एक माणूस नाही पाह्यला म्या. तू पाह्यला असन तर नाव सांग त्याचं.

अंकित : अगं, तेच पाहून तर बनवलं मी. तुझ्या रजिस्टरात काय आहे? परत आलेला प्रत्येक अर्ज. कोणाचा, कशाचा, अन् कोणत्या कागदापायी परत आला. एकतीस वर्षांचं. ते सगळं मी आत टाकलं. माणसानं फक्त तीन गोष्टी सांगायच्या. काय पाहिजे, कोणाच्या नावानं पाहिजे, अन् घर कुठलं. अर्ध्या मिनिटात ते सांगते कोणते कागद लागतील, कुठं भेटतील, कोणत्या खिडकीवर द्यायचे. घरी बसून. यापेक्षा सोपं काय असते? तरी लोक नाही वापरत. मग दोष कोणाचा?

अंजना : आता हे जे तू बोलला ना, हे मले समजलं.

अंकित : तुला तर समजणारच. तुझंच आहे.

अंजना : त्या पानावर हेच लिहून आहे का?

अंकित : तिथं असं नाही लिहत. तिथली भाषा वेगळी असते.

अंजना : कशी असते? काढ फोन. वाच मोठ्यानं.

अंकित : आत्या, आता कशाला?

अंजना : मी सांगून राह्यली म्हणून.

अंकित : बरं. "झेनोपत्र. दस्तावेज़ी यात्रा का एकीकृत, बुद्धिमान समाधान."

अंजना : पुढं.

अंकित : "आज की गतिशील दुनिया में अनुपालन की जटिलता को सहज बनाएँ. सशक्त नागरिक, सशक्त संगठन."

अंजना : पुढं.

अंकित : पुढं फोटो आहे. त्याखाली बटण. "डेमो बुक करें."

अंजना : आण इकडं. हे पाच जण काचेच्या खोलीत उभे राहून कायले हासून राह्यले?

अंकित : असेच असतात ते. विकत भेटतात असे फोटो.

अंजना : यायच्यातला कोण बैहरच्या गाडीत बसला होता? अन् झेनो म्हणजे कोण?

अंकित : कोणी नाही. झेन म्हणजे शांती, पत्र म्हणजे कागद. नाव लक्षात राहावं म्हणून.

अंजना : राह्यलं कोणाच्या लक्षात? लोकायचं असते, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. तुहं त्याच्या उलटं. हातात सोनं आहे अन् चिंधीत गुंडाळून ठेवलं. तुले अर्ज लिहाले कोणं शिकवलं?

अंकित : तू.

अंजना : कसा लिहतात?

अंकित : मी काय सातवीत आहे का?

अंजना : सातवीत होता तवा बरोबर लिहत होता. सांग.

अंकित : वर कोणाला ते. मग विषय. मग महोदय.

अंजना : विषय केवढा?

अंकित : एक ओळ.

अंजना : काहून?

अंकित : कारण साहेब एकच ओळ वाचतो. ती समजली तर खालचं वाचतो, नाही तर कागद बाजूला.

अंजना : अन् तुह्या पानावर विषय कुठं आहे? बोट ठेवून दाखव. साहेबाले तू एका ओळीत सांगतं, अन् जो माणूस दिवसाची मजुरी सोडून आला त्याच्यापुढं सशक्त अन् गतिशील अन् काय काय. चार हजार लोक तुह्या दारापर्यंत आले, बाबू. दारावर काय लिहून आहे ते समजलं नाही म्हणून गेले. अन् तू इथं बसून म्हणतं त्यायले धक्के खाणं आवडते. मले राग येऊन राह्यला, अंकित. लोकायचा नाही, तुहा.

अंकित : ते पान त्यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं.

अंजना : मंग कोणासाठी?

अंकित : भोपाळच्या स्पर्धेसाठी. पहिलं पान मी साधंच केलं होतं. परीक्षक म्हणाले, ये तो किसी छोटे शहर की दुकान लगती है, बड़ा दिखाओ. तर मोठं दाखवलं. वाटलं, आधी कंपन्या येतील, त्यांच्या भरवशावर मग गावागावांत जाऊ.

अंजना : उंटावरून शेळ्या हाकाच्या. आली का मंग एखादी कंपनी?

अंकित : एक आली होती. मलाजखंडहून, तिथल्या तांब्याच्या खाणीत ठेकेदार आहेत. त्यांनी फॉर्म भरला डेमोसाठी. मी बावीस पानांचं माहितीपत्रक पाठवलं. मीटिंग ठेवली. टाय लावून कॅमेऱ्यासमोर बसलो अर्धा तास. कोणी आलंच नाही. त्याच दिवशी ठरवलं, आता बस.

अंजना : अन् हे खाली बारीक काय आहे? माह्या डोळ्याले नाही दिसत.

अंकित : ते काही नाही.

अंजना : काही नाही तर वाच.

अंकित : "अनुभवी विशेषज्ञों के ज्ञान पर आधारित."

अंजना : हे विशेषज्ञ कोण बाप्पा?

अंकित : तूच.

अंजना : मी तर एकटी आहे. हे झुंड कायची लिहून आहे?

अंकित : एकटं बरं नाही दिसत.

अंजना : अन् माहं नाव? तेही बरं नाही दिसत?

अंकित : आत्या...

अंजना : लाज वाटली.

अंकित : हो. वाटली. भोपाळमध्ये विचारलं त्यांनी, एवढी माहिती आणली कुठून? मी म्हणालो, फील्ड रिसर्च. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारी माझी आत्या आहे, हे नाही निघालं तोंडातून.

अंजना : लागलं मले हे. खोटं नाही बोलत, लागलं. या टेबलावर तुही फी निघाली, तुह्या बहिणीचं लग्न निघालं. पण त्याच्यावर आपण घरी बोलू. नाव नको लावू माहं, त्यानं कोणाचं काम होत नाही. पण ते सॉफ्टवेअर करते काय, एवढं तर सांग लोकायले. कोण आहे ते? दुलीचंदभाऊ? या ना, उन्हात काहून उभे राह्यले?

दुलीचंद : जय भीम, बाई. तुमची गोष्ट चालू होती, म्हटलं थांबतो.

अंजना : जय भीम. हा माहा भाचा आहे, अंकित. बसा त्या स्टुलावर. अंकित, हे दुलीचंदभाऊ, बैहरच्या पुढचे. जंगल खात्यात होते. तुमच्या लेकीच्या, राखीच्या दाखल्याचं ऐकलं होतं, काय झालं त्याचं, भाऊ?

दुलीचंद : परत केला. आज तिसऱ्यांदा.

अंजना : तिसऱ्यांदा? अन् माह्याकडे एकदाही नाही आले?

दुलीचंद : अर्ज ऑनलाइन झाला म्हणे, तर रूपालीच्या दुकानातून भरला, बैहरच्या बसस्टँडवर. इथं आलो की सीधा खिडकीवर जात होतो. चूक झाली माही. पोट्टीचा नर्सिंगले नंबर लागला होता, बाई. पहिल्या यादीत. जातीचा दाखला नाही म्हणून नाव काढलं. आता शनिवारी दुसरी यादी आहे. त्याच्यातही नाही देला तर गेलं वर्ष.

अंजना : आज बुधवार. खिडकी काय म्हणते?

दुलीचंद : पुराना रेकॉर्ड आणा, एवढंच म्हणते. कुठून आणू ते नाही सांगत. अन् आज तर हासला तो. म्हणे, बाबा, ये क्या लगा दिया साथ में?

अंजना : काय लावलं तुम्ही?

दुलीचंद : हे. प्लास्टिकात ठेवलं, ओलं नाही व्हाले पाहिजे म्हणून. बावीस कागद आहेत. रूपालीनं छापून देले. मले वाटलं हेच ते कागद, जे कमी पडून राह्यले.

अंजना : द्या इकडं. अंकित, वाच. डोळे नको चोरू, वर मोठ्या अक्षरात काय आहे ते वाच.

अंकित : झेनोपत्र.

अंजना : हौ. झेनोपत्र.

अंकित : काका, हे तुम्हाला कुठं भेटलं?

दुलीचंद : बसस्टँडच्या भिंतीले एक कागद चिकटून आहे. त्याच्यावर तो काळा चौकोन असते ना, फोन धरला की उघडते. दस्तावेज लिहून होतं. दस्तावेज म्हणजे कागद, एवढं मले समजते. आपल्याले कागदच पाहिजे, म्हणून रूपालीले उघडाले लावलं. दोघांनी वाचलं. दोन खेपा वाचलं. ती म्हणे, काका, हे कंपनीवाल्यायचं दिसते. पण बटण एकच होतं. दाबलं.

अंकित : डेमो बुक करें.

दुलीचंद : हौ, तेच. मंग ते विचारे, कंपनीचं नाव. आता माही कोणती कंपनी? पोरगा मलाजखंडले ठेकेदारापाशी आहे, तर त्या ठेकेदाराचं नाव टाकलं. मंग विचारे, पद. म्या म्हटलं मुखिया टाक, घरात मोठा मीच आहे. मंग विचारे, टीममध्ये किती लोक. पाच टाकले. मी, बायको, पोरगा, सून, राखी.

अंकित : ते तुम्ही होते.

दुलीचंद : कोण?

अंजना : सांग त्यायले. तोंडानं सांग.

अंकित : काका, ते पान मी बनवलं. तो फॉर्म माझ्याकडे आला. मला वाटलं, खाणीतली कंपनी आहे. भोपाळच्या दुसऱ्या फेरीत तर मी सांगूनही टाकलं, खाण क्षेत्रातून मागणी आहे म्हणून.

दुलीचंद : तू बनवलं? मंग अट्ठेचाळीस घंट्यांत संपर्क करू, असं लिहून आलं होतं, तेही तू लिहिलं?

अंकित : ते आपोआप जाते.

दुलीचंद : आपोआप. मी समजलो माणसानं लिहिलं. दोन दिवस रूपालीच्या दुकानापासून हाललो नाही. मंग ती म्हणे कागद आले, छापून घेतले. मंग म्हणे मंगळवारी अकरा वाजता मीटिंग आहे. धुतलेला सदरा घालून बसलो. राखीलेही बसवलं बाजूले. तिनं मार्कशीट आणली होती, साहेबाले दाखवा लागन म्हणून. अन् त्या दिवशी नेट गेलं. एक वाजेपर्यंत बसून होतो आम्ही.

अंकित : मी इकडे अर्धा तास बसलो होतो.

दुलीचंद : पहिल्या यादीची तारीख त्याच आठवड्यात गेली, बाबू.

अंकित : पण काका, पानाच्या खाली फोन नंबर होता माझा. एक फोन केला असता तर मी लगेच...

दुलीचंद : ऐक. मले अडाणी समजू नको. जंगल खात्यात मी छब्बीस वर्षं काम केलं. मजुरायची हजेरी मी लिहत होतो, पंचनामे मी लिहत होतो. साहेबाची चिठ्ठी वाचून दहा माणसं कामाले लावत होतो. वाचता येते मले. म्या तुहं पान वाचलं, अन् वाचून असं वाटलं की आता आपण म्हातारे झालो, आपल्याले काही समजत नाही. राखी तर बारावी शिकलेली आहे. तिलेही दाखवलं. ती म्हणे, बाबा, आपणच कच्चे असू. पोट्टी असं म्हणाली. हे काहून वाटावं आमाले? लिहिलं तू चुकीचं, अन् मान खाली घातली आम्ही.

अंजना : ऐकलं?

अंकित : ऐकलं. चुकलं माझं, काका. माफ करा.

दुलीचंद : माफीनं दाखला भेटते का?

अंजना : नाही भेटत. तर माफी ठेव बाजूले अन् त्यायले ते तीन प्रश्न विचार. कुठं आहे ते?

अंकित : आत आहे. खाली गेलं की "समाधान", त्यात "नागरिक", त्यात डावीकडे...

अंजना : म्हणजे दुकान मागच्या गल्लीत अन् पाटी समोरच्या रस्त्यावर. उघड लवकर.

अंकित : उघडलं. काय पाहिजे, जातीचा दाखला. नाव राखी. घर, बैहर तालुका. घराच्याच प्रश्नात पुढं विचारते आहे, आजोबांच्या वडिलांचं गाव तेच का?

दुलीचंद : नाही. आम्ही मूळचे हट्ट्याकडचे. माहा बाप जंगलाच्या कामापायी बैहरले आला अन् तिथंच राह्यला.

अंकित : थांबा, आलं. "कुटुंब दुसऱ्या गावाहून आलं असेल तर जुनी नोंद आधीच्या गावाच्या नावाखाली भेटेल, आत्ताच्या नाही. नक्कल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मागावी."

अंजना : हा अर्ज मले याद आहे. लालबर्ऱ्याची एक बाई होती. चार खेपा परत आला होता तिचा. पाचव्या खेपेले कळलं, तवा लिहून ठेवलं.

दुलीचंद : ही रेकॉर्ड रूम कुठं आहे?

अंजना : या भिंतीच्या मागं.

दुलीचंद : या भिंतीच्या?

अंजना : हौ. काखेत कळसा अन् गावाले वळसा. तुमची चूक नाही, भाऊ. तीन खेपा तुम्ही इथून गेले अन् कोणी बोट करून दाखवलं नाही. बापाचं नाव सांगा, अन् गाव. नकलेचा अर्ज मी आता लिहते. पाच मिनटाचं काम आहे. हं, सही करा इथं. हे घेऊन मागच्या दारानं जा, पहिल्या खोलीत. अन् हट्ट्याचं नाव आधी सांगा, बैहरचं नाही.

(दुलीचंद अर्ज घेऊन भिंतीमागे जातो.)

अंकित : अर्धं मिनिट लागलं, आत्या.

अंजना : अन् त्या पोट्टीची पहिली यादी गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता तोंड पाडून नको बसू, लॅपटॉप काढ. मी सांगते तसं लिह.

अंकित : आत्ता? डिझाइन बदलायला दोन दिवस लागतील.

अंजना : डिझाइन कोणं मागितलं? तो फोटो काढाले किती टाइम लागते?

अंकित : एक मिनिट.

अंजना : काढ. काढला? आता वर लिह, कोणाले.

अंकित : म्हणजे?

अंजना : अर्ज कोणाले आहे ते. हे पान कोण वाचणार? ज्याले सरकारी कागद काढाचा आहे तो. तो वाचताना कुठं असते?

अंकित : घरी. नाही तर बसस्टँडवर.

अंजना : अन् त्याले भेव कायचं असते?

अंकित : की जाऊनही काम होणार नाही.

अंजना : मंग तेच लिह.

अंकित : "आता तुमचा अर्ज कधीच परत येणार नाही." कसं आहे? एक ओळ आहे.

अंजना : खोटं आहे. साहेब सुट्टीवर गेला तर काय करशीन? सही नाही झाली तर? एकतीस वर्षांत मी कोणाले असं नाही म्हटलं. एकदा खोटं निघालं की लोक थुंकतात अन् पुन्हा येत नाहीत. जेवढं करतं तेवढंच सांग.

अंकित : मग आपण करतो काय? कागद कोणता कमी आहे, ते आधी सांगतो.

अंजना : कवा आधी?

अंकित : खिडकीवर जायच्या आधी.

अंजना : अजून आधी. खिडकीपर्यंत आला म्हणजे दिवस गेलाच त्याचा.

अंकित : बसमध्ये बसायच्या आधी.

अंजना : हं. लिह आता.

अंकित : "बसमध्ये बसायच्या आधी पाहा, कोणता कागद राहिला."

अंजना : विषय झाला. हिंदीत वर टाक, मराठीत खाली. आता म्हणशीन लहान गावचं दिसते.

अंकित : दिसते खरं.

अंजना : गाडीही लहान गावातूनच सुटते, बाबू. त्या बटणाचं काय?

अंकित : "डेमो बुक करें" काढलं. "शुरू करें" लिहू?

अंजना : काय शुरू करा? माणूस घाबरन, काय चालू होते म्हणून. खिडकीवरचा बाबू पहिले काय विचारते?

अंकित : काय पाहिजे?

अंजना : तेच विचार. अन् बटण दाबलं की सीधा तीन प्रश्न. कंपनी नाही, पद नाही, किती माणसं ते नाही.

अंकित : अन् ते खालचं? विशेषज्ञों वालं?

अंजना : म्या म्हटलं ना, नाव नको.

अंकित : नाव नाही टाकत. "परत आलेल्या अर्जांच्या एकतीस वर्षांच्या नोंदीवरून" असं टाकतो. कचेरीबाहेर लिहिलेल्या. हे खरं आहे की नाही?

अंजना : खरं आहे. बारीक अक्षरात टाक. वर गर्दी नको.

अंकित : नागपूरच्या लोकांना आज फोन करायचा होता, येतो म्हणून.

अंजना : मी तुले थांब नाही म्हणत. नोकरी कर. पण हे पान असं ठेवून जाशीन तर मले सहन नाही होणार. आले पाहा दुलीचंदभाऊ. काय झालं?

दुलीचंद : भेटलं. बापाचं नाव आहे रजिस्टरात, हट्ट्याच्या गावाखाली. माह्या आज्याचंही आहे. शुक्रवारी चार वाजता नक्कल देतो म्हणे.

अंजना : शुक्रवारी मी इथंच आहे. नक्कल घेतली की इकडं या, दाखल्याचा अर्ज तयार ठेवते. शनिवारी सकाळी पोचलं तर पोचलं. पक्कं नाही सांगत, भाऊ.

दुलीचंद : नाही, मी समजतो. राखीले तेच सांगतो, पक्कं नाही.

अंकित : काका, तुमचा मोबाइल देता का? हे उघडून देतो. वाचून पाहा एकदा.

दुलीचंद : "बसमध्ये बसायच्या आधी पाहा, कोणता कागद राहिला."

अंकित : समजलं?

दुलीचंद : याच्यात न समजण्यासारखं काय आहे?

अंकित : काही नाही.

दुलीचंद : तेच तर म्हणतो. हे एवढंच होतं, तर आधी काहून नाही लिहिलं? सांग तू मले.

अंकित : मोठं दिसावं म्हणून.

दुलीचंद : हं. रूपालीले फोन लावतो. दुपारच्या गाडीची माणसं तिच्याच दुकानापाशी उभी राह्यतात. हॅलो, रूपाली? दुलीचंदकाका बोलून राह्यलो. ते चौकोनवालं पान उघड. हौ, तेच, ज्यानं कंपनी विचारली होती. नाही विचारत आता. उघड तर. उघडलं? वाच. हं. कोण आहे बाजूले? आपल्या गावच्या महागूची सून? कुठं चालली ती?

अंजना : काय म्हणते?

दुलीचंद : लेकराच्या नावात चूक आहे आधारमध्ये, ते सुधराले बालाघाटले येऊन राह्यली. लेकराले घेऊन गाडीत बसली आहे. रूपाली म्हणे, गाडीच्या खिडकीतूनच विचारते तिले.

अंकित : तीनच प्रश्न आहेत, सांगा.

दुलीचंद : थांब, बोलून राह्यल्या दोघी. हं. काय आलं? शाळेचा कागद पाहिजे म्हणते, हेडमास्तरच्या सहीचा. तिच्यापाशी नाही.

अंजना : तो गावच्या शाळेतच भेटते.

दुलीचंद : तेच लिहून आलं म्हणे. रूपाली, तिले सांग... हॅलो? हॉर्न वाजून राह्यला तिकडं, काही ऐकू नाही येत.

अंकित : काय झालं, काका?

दुलीचंद : थांब ना. हं, बोल. हौ. हौ. बरं झालं.

अंजना : काय म्हणे?

दुलीचंद : गाडी गेली म्हणे. महागूची सून लेकराले घेऊन उतरून खाली उभी आहे.